कमळाची चिठ्ठी

दुपारचा चहा यायचा आहे. टेबलावर कागदाला शिवलेलं वाळकं कमळ आहे, आणि शरयू नाडगौडाचे डोळे आपोआप मिटताहेत. कॉलेजच्या बागेतल्या फुलझाडांची गणवार, म्हणजे नात्यातली कुळं एकत्र लावलेली, यादी तिला आजच संपवायची आहे. यादीवर नाव तिचं एकटीचं येणार!

"कमळ कुठल्या गणात घातलंस?"

समोर तिची जुनी वर्गमैत्रीण हेमा कारखानीस बसली आहे. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण वेणी तश्शी जाडजूड. मेली तरी हिचे केस काही गळले नाहीत, शरयूच्या मनात येतं.

"सिल्व्हर ओकच्या."

"कुमुदिनीच्या नाही? मग मीच बरोबर होते की!"

होतीच. बत्तीस वर्षांपूर्वी परागावरच्या, कुमुदिनीत नसणाऱ्या, तीन खाचा पाहून हेमानं कमळाला कुमुदिनीच्या गणातून बाहेर काढलं आणि तसं लिहून, खाली सही करून, याच कागदावर चिठ्ठी चिकटवली. शरयू सगळ्यांदेखत फिदीफिदी हसली. मग गुपचूप ओलं बोट फिरवून तिनं ती चिठ्ठी उपटली. या कामात जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी कुणी काढत नाही, नवी तिच्याखाली लावतात. शरयूनं काढली.

वर्गात पाणी शिरलं आहे. बाकांमधून कमळं वर आली आहेत, आणि फळ्याच्या जागी सिल्व्हर ओक उभा आहे. हेमा पाण्यातून चालते आहे. तिची साडी कोरडी, शरयूची गुडघ्यापर्यंत चिंब.

"तुला सगळं आधीच कसं गं दिसायचं? मी काय कमी राबले?"

"जास्तच राबलीस. पण मी फुलं बघायचे, तेव्हा तू मला बघत बसायचीस."

"जळायचे मी तुझ्यावर. अजून जळते!"

"ठाऊक आहे. माझी चिठ्ठी दे."

कपबशी वाजते. शरयू दचकून उठते. कमळाच्या कागदावर एक चिठ्ठी चिकटलेली आहे, डिंक अजून ओला. अक्षर शरयूचंच: 'कुमुदिनीच्या गणातलं नाही. हेमा कारखानीस, १९९१.'

ती नख लावते. कोपरा सहज सुटतो. मग ती तो अंगठ्यानं दाबून बसवते. दुसरी चिठ्ठी घेऊन लिहिते, 'मान्य. शरयू नाडगौडा.'

वर भरपूर जागा आहे. ती खाली लावते.