डालीवरचं लुगडं

बाबनराव आमच्या ऑफिसात चपराशी होता. घर कोष्ट्याचं, खिसा कायम रिकामा आणि हौस मात्र जहागीरदाराची. नाताळ, म्हणजे आमच्या नागपूरचा बडा दिन, आला की हाताखालच्या लोकांनी साहेबाच्या बंगल्यावर डाली न्यायची. एक ताट, त्यात संत्री, पेरू, झेंडूची फुलं आणि वर झाकायला बरंसं कापड. साहेब ताटाला हात लावणार, एखादं संत्रं उचलणार आणि बाकीचं कापडासकट परत करणार, अशी रीत. त्यामुळे आम्ही बाबू लोक एकच डाली सिव्हिल लाइन्सच्या दोन-तीन बंगल्यांवर फिरवून आणत असू.

बाबनरावाला असली उरकाउरकी जमत नसे. साहेबाला काय पाहिजे, हे तो वर्षभर न्याहाळायचा. गोरा साहेब सारखा चष्मा हरवायचा, म्हणून त्यानं मागावरच्या उरल्यासुरल्या सुताचा गोफ विणला आणि संत्र्यांमध्ये ठेवला. खर्च काहीच नाही. साहेबानं तेवढा गोफ ठेवून घेतला आणि नागपूर सोडेपर्यंत गळ्यात चष्मा लटकवून फिरला.

सत्तेचाळीस साली गोरे साहेब गेले, बडा दिन तेवढा मागे राहिला. नवे साहेब आपल्यातलेच. अंगात खादी, खांद्याला झोळी. झोळीचा पट्टा सारखा तुटायचा, तेव्हा बाबनरावानं नवा घट्ट पट्टा विणून ठेवला. अडचण आली ती झाकायच्या कापडाची. जुना लाल रुमाल विरला होता, आणि आपल्या माणसापुढे विरलेला रुमाल न्यायचा कसा?

त्यानं पेटीतून लुगडं काढलं. डाळिंबी, रेशमी काठाचं. ते त्याच्या एकुलत्या मुलीचं, गोपिकाचं. माघात तिचं लग्न होतं. सुटीच्या दिवशी भावाच्या मागावर बसून त्यानं ते विणलं होतं आणि सुताच्या कांड्या गोपिकानंच भरल्या होत्या. पोरीनं बापाच्या हातचं नेसून सासरी जावं, एवढीच त्याची इच्छा. देण्यासारखं दुसरं त्याच्यापाशी काही नव्हतंही.

"ते लुगडं काहून काढून राहिले तुमी?" त्याची बायको रुख्माबाई कडाडली.

"झाकाले पाह्यजे न वं. तासाभरात वापस आनतो."

"अन् साहेबानं ठेवून घेतलं तं?"

"साहेब कदी ठेवते का? हात लावते, एक संत्रं उचलते, झालं."

बंगल्याच्या व्हरांड्यात मी त्याच्या मागेच माझं ताट धरून उभा होतो. साहेबांनी लुगड्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "बाबनराव, इंग्रज तुमच्या ताटाला नुसता हात लावून परत करायचा. केवढा अपमान! आता स्वराज्य आहे. आपल्या माणसाचं प्रेम मी परत करणार नाही."

आणि ताट आत गेलं. माझंही गेलं, म्हणून पुढचे दोन बंगले मी नुसत्या नमस्कारावर भागवले. गोरा साहेब 'टुम' म्हणायचा आणि परत करायचा. हे 'तुम्ही' म्हणाले आणि ठेवून घेतलं.

"अरे, सांगून मोकळा हो," मी म्हटलं.

"देल्लं ते कोनी मांगते का, बाबूजी?" तो म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना. पुढे झोळीचा तो पट्टा बंगल्यावरच्या वासराच्या गळ्यात दिसला. झोळी तुटकीच होती.

रुख्माबाईनं आधी नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग लग्नाच्या अक्षता घेऊन ती थेट बंगल्यावर गेली. साहेबांच्या बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला काय देऊ? रुख्माबाई म्हणाली, "बाईसाहेब, तुमच्या हातचं एखांदं डाळिंबी लुगडं भेटलं तं पोरीचं नशीब." बाईंना पेटीत पडून असलेलं लुगडं आठवलं. ते कुणाच्या डालीवर आलं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आहेर तोलामोलाचा आणि पदरचं काही जात नाही, यापरता विचारपूर्वक दिलेला आहेर कोणता?

मांडवात साहेबांनी ते न ओळखताच सगळ्यांसमोर गोपिकाच्या हातात ठेवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पोरीनं काठावरून बोट फिरवलं आणि मान वर केली. "बाबा, हे तं..."

"पाया पड साहेबाच्या," बाबनराव म्हणाला.

ती पडली, आणि तेच लुगडं नेसून उमरेडला सासरी गेली. ठरल्याप्रमाणे सगळं झालं म्हणायचं.

छप्पन साली नागपूरचं राजधानीपण गेलं, साहेबही मुंबईला गेले. त्या दिवाळीनंतर बाबनराव मला उमरेडला घेऊन गेला. चहा व्हायच्या आत त्याच्या व्याह्यांनी, चंपतरावांनी, आतून ते लुगडं आणून मला दाखवलं. "पाहा बाबूजी, साहेबानं देल्लं. अख्ख्या उमरेडात कोनाच्या सुनेले साहेबाचा आहेर नाही. सनासुदीलेच काढतो." बाबनराव जरा पुढे सरकला, तसं त्यांनी ते मागे घेतलं. "हात नोका लावू इवाई, मळन."

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार तोच बाबनरावानं माझा गुडघा दाबला. "राहू द्या बाबूजी," तो पुटपुटला. "ह्या घरात पोरीले मान हाय तो त्याच्यानंच हाय. बापानं इनलं म्हनून कोन इचारते?"

तेवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत गोपिका बाहेर आली. सासऱ्याच्या हातून तिनं लुगडं घेतलं, सगळं उलगडलं आणि एक टोक बापाच्या हातात दिलं. "घडी घालाची हाय, बाबा. धरा."

त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला. अंगठा काठावरून सावकाश पुढे सरकत गेला. गोपिका घडी घालायची काही घाई करत नव्हती.

"सांभाळून, इवाई," चंपतराव खाटेवरून म्हणाले. "साहेबाचं हाय ते."

"हो," बाबनराव म्हणाला.