आक्कांचे गप्पी आणि एक फायटर

एकमेकांशी न जमणारं असं या जगात काही नसतंच, मधे बसून जमवून देणारा कमी पडतो, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली आणि दैवयोगाने ती माझी थोरली नणंद निघाली. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. कालची खिचडी आणि आजची आमटी एका पातेल्यात ओतून, "आता करा काय करायचं ते," असं म्हणत वर झाकण ठेवणाऱ्या आक्का. तीन वर्षं एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन जावांना नारायणगडाच्या जत्रेला नेताना त्यांनी टमटममध्ये मुद्दाम मांडीला मांडी लावून बसवलं आणि दोघींच्या मांडीवर मिळून नारळांची एकच पिशवी ठेवली. गड येईपर्यंत दोघी बोलायला लागल्या होत्या. म्हणजे कडाकडा भांडायला लागल्या होत्या. पण आक्कांच्या लेखी ते बोलणंच. "तोंड उघडलं का न्हाई? मग झालं तर!"

आक्कांचे यजमान लग्नानंतर लवकरच गेले. मूलबाळ नव्हतं. त्या घाटनांदूरकडच्या आमच्या गावी माहेरी परतल्या आणि काही दिवसांतच त्यांनी बायकांची दूध संस्था काढली. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं; मागे राहिलेल्या बायका, म्हाताऱ्या आणि म्हशी यांच्या बळावर संस्था चालायची. आक्का तिच्या चेअरमन, पण रोज सकाळी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी, घेऊन त्या स्वतःच बसायच्या. त्या नळीला नातंगोतं कळत नसे. एका उन्हाळ्यात गावात टँकर आठवड्याने येत असताना ती खुद्द माझ्या सासूबाईंच्या चरवीत भलत्याच ठिकाणी थांबली. आक्कांनी चरवी बाजूला सारली आणि भर रांगेत विचारलं, "आये, गावात प्यायला पानी न्हाई. तुला दुधात घालायला कुठनं घावलं? त्यो झरा दाव, आमी बी भरतो." सासूबाई चार दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी आक्कांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि दूध मापायलाच शेजारी बसवलं.

सासूबाई गेल्यावर आक्का गावी एकट्या राहू लागल्या. पुढे एक फारच वाईट दुष्काळ आला. टँकर आला की लोक घरातलं प्रत्येक टिपाड, म्हणजे मोठं पिंप, काठोकाठ भरून ठेवत. त्या साठवलेल्या पाण्यात डास झाले आणि गावात तापाची साथ पसरली. तेव्हा आरोग्य खात्याच्या आशाताईंनी घरोघरच्या टिपाडांत सोडायला गप्पी मासे वाटले. काडीएवढे, मळकट रंगाचे. आक्कांनी त्यांना विचारलं, "गप्पी कावून म्हनतात यांना?" आशाताई म्हणाल्या, "आक्का, डासांच्या अळ्या खातात ते." "त्ये काम झालं गं. नाव कावून गप्पी?" यावर सरकारकडून काही उत्तर आलेलं नव्हतं. तेव्हा आक्कांनीच ठरवून टाकलं की हे आपसात गप्पा मारत असणार. भर दुपारी टिपाडाच्या काठाशी कान नेऊन बसलेल्या आक्का गावातल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत.

थोड्याच दिवसांत जनावरं सरकारी चारा छावणीला गेली, दूध थांबलं, संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. माझे यजमान जाऊन आक्कांना बीडला आमच्याकडे घेऊन आले. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात घर मोजलं. आमच्या दोन खोल्या, माझी शाळेतली शिक्षिकेची नोकरी, त्यात आक्का, आणि आक्कांबरोबर संस्थेचा दुधाचा कॅन. त्या कॅनमध्ये वाटेत हिंदकळून अर्धमेले झालेले तीस-चाळीस गप्पी. एसटीत कंडक्टरने विचारलं होतं, "मावशी, यात काय हाय?" आक्का म्हणाल्या, "पावनी हायेत. उभ्यानं येत्यात, जागा लागत न्हाई त्यांना."

शेजाऱ्यांनी अडगळीत टाकलेली काचेची पेटी आक्कांनी मागून आणली, घासली, गप्पी तीत सोडले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसे. पण गप्पींना तेच मानवलं आणि ते वाढू लागले. मग त्यांच्यासाठी खाद्य आणायला आक्का माशांच्या दुकानात गेल्या आणि तिथे त्यांना तो दिसला. हातभर फळीवर एवढ्याशा बरणीत एकटाच, जांभळा-निळा, लग्नातल्या शालूसारखे पर पसरून उभा.

"ह्यानं काय गुन्हा केलाय?" आक्कांनी विचारलं.

"फायटर हाय त्यो मावशी. बेट्टा म्हनतात. एकटाच ठेवावा लागतो, दुसरा दिसला की मारतो."

"कोनी बसवून समजावलं का त्याला?"

दुकानदाराला पंचवीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न कोणी विचारला नसावा. त्याने बरणी फळीवरून उतरवली आणि फायटर आमच्या घरी आला.

मी कपाळाला हात लावला, पण आक्का कच्च्या नव्हत्या. त्यांनी पेटीत आधी फुटक्या माठाची खापरं मांडली, दोन मातीचे कप आडवे ठेवले, दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतींची दाटी केली. "पळायला जागा पायजे. घरात कोपरा नसला की मानूस बी चावतं." गप्पी आधी तिथे रुळू दिले, फायटर शेवटी सोडला, आणि त्याचं पोट भरल्याशिवाय त्याला इकडे तिकडे पाहूच द्यायचं नाही असा नेम केला. पहिले दोन दिवस त्या हातात लाकडी डाव घेऊन पेटीसमोर स्टुलावर बसल्या. फायटर फुगला की डाव पाण्यात. तिसऱ्या दिवसापासून तो त्या मळक्या गप्पींकडे ढुंकून पाहीनासा झाला. ते एवढे साधे दिसत की त्याला त्यांच्याशी भांडण्यात कमीपणा वाटत असावा. त्यांची नुकती जन्मलेली पिल्लं मात्र तो मटकवायचा. आक्का आधी हळहळल्या, मग पेटीतली गर्दी पाहून म्हणाल्या, "खापराखाली शिरंल ते वाचंल."

पण खरा थाट त्याच्या जेवणाचा. आक्कांनी गच्चीवर एक लोखंडी पाटी पाण्याने भरून ठेवली आणि तीत डासांच्या अळ्या होऊ दिल्या. रोज चहाच्या गाळणीने गाळून त्या फायटरला वाढायच्या. एके दिवशी साथीच्या तपासणीला एक कर्मचारी आला. त्याने पाटी पाहिली आणि उलटी करायला हात घातला. आक्का पदर खोचून आडव्या झाल्या. "सांडू नगा! आमच्या वाघाचं जेवन हाय त्ये!" तो बिचारा म्हणाला, "आजी, यांचे डास होतात." "होऊ देतं कोन? रोजच्या रोज गाळते मी. तुमच्या हापिसात हाय का एवढं कडक काम?" शेवटी त्याने खाली येऊन मासे पाहिले, चहा घेतला आणि पाटीवर फडकं बांधायची अट घालून निघून गेला.

पाण्यावरून घरात रोज एक चकमक व्हायची. बीडलाही नळ आठ-दहा दिवसांनी येई. माझे यजमान अर्ध्या बादलीत अंघोळ करत आणि बहिणीला ऐकू जाईल असं पुटपुटत, "इथं माणसाला पाणी नाही, आणि चेअरमन पोहतायत." फायटरचं नाव त्यांनी चेअरमन ठेवलं होतं: सगळ्यांच्या आधी खायचं आणि फुगून फिरायचं म्हणून. आक्का कडाडल्या, "चेअरमन मी हाय अजून! त्याला डायरेक्टर म्हन." पेटीतून काढलेलं पाणी त्या वाया जाऊ देत नसत, त्यावर आधी फरशी पुसली जाई, मग उरलेलं कढीपत्त्याला. आमच्या घराला तेव्हा जो वास यायचा त्यामुळे पाहुणे आपोआप कमी झाले, हा फायदाच म्हणायचा.

पंधरा दिवस पेटीत शांतता नांदली. आक्कांनी गल्लीतल्या बायका बोलावून दाखवली. "बगा. जमत न्हाई म्हनत हुता दुकानदार." आणि इथे माझ्या हातून घोळ झाला. आक्कांना खूश करावं म्हणून शाळेतून येताना मी दुकानातून दोन रंगीत नर गप्पी आणले. शेपट्या कशा? पैठणीच्या पदरासारख्या. आक्का हरखल्या. फायटरनेही पाहिलं. त्याला ते बहुधा आपलेच भाऊबंद वाटले, वाटणी मागायला आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाचा पदर अर्धा गेला होता.

मग आक्कांनी होतं नव्हतं ते करून पाहिलं. खापरं हलवली, झाडं वाढवली, डायरेक्टरला दोनदा जेवू घातलं. डाव घेऊन पुन्हा स्टुलावर बसल्या, जेवणही तिथेच. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा एक रंगीत गप्पी तळाशी पडला होता आणि दुसरा खापराच्या मागे अंग चोरून उभा होता. आक्का लोणच्याची मोठी काचेची बरणी धूत होत्या. त्यांनी फायटरला गाळणीत धरून बरणीत सोडलं, बरणी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि हात पुसले.

"न्हाई जमत," त्या म्हणाल्या.

एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मला रडूच आलं. "माझ्यामुळं झालं आक्का. मी ते आणायला नको होते."

"तू माझ्यासाठी आनलेस. मला काय कळत न्हाई?" त्या माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. "आन दुसरं बी कळतं, वैनी. तुझी शाळा पाचला सुटती. तू सातला येतीस."

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून वह्या तपासायची, तपासून झालेल्या पुन्हा तपासायची, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तसं काही नाही आक्का," मी म्हटलं.

"असू दे की. दोन खोल्यांत तू तरी कुठं जानार?" आणि त्या खळखळून हसल्या. त्या हसण्यात राग शोधूनही सापडेना, म्हणून मला जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी मी पाचला सुटून थेट घरी आले. त्यानंतरचे आमचे दिवस फार चांगले गेले. दोघी खिडकीजवळ भाजी निवडत बसायचो आणि बरणीतला तो एकटा जीव निवांत पर पसरून फिरायचा. डावाच्या धाकात तो इतका देखणा कधी दिसलाच नव्हता.

मग गावाहून फोन आला. जनावरं छावणीतून परत आली होती, दुधाची गाडी पुन्हा सुरू होणार होती, पण नळी कोणी धरायची यावर बायकांचं एकमत होईना; आक्कांशिवाय कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. आक्कांनी गप्पी कॅनमध्ये भरले आणि त्याच दिवशी निघाल्या. फायटर माझ्याकडेच राहिला. तो आणखी वर्षभर जगला. आक्का फोनवर आधी त्याची चौकशी करत, मग भावाची.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी एकटीच गावी गेले. संस्था जोरात चालली होती. आक्कांनी मला दारोदारची टिपाडं दाखवली. प्रत्येकात त्यांच्या गप्पींचा वंश होता. दुपारी त्यांनी बेसन-भाकरी केली आणि समोर बसून वाढली. पाचची एसटी होती. मी पिशवी उचलली तेव्हा आक्का चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "आजच्या दिवस राहा की, वैनी."

मी म्हटलं, "उद्या शाळेत तपासणी आहे, आक्का." तपासणी नव्हती. सवयीने तोंडातून गेलं.

"मग जा, जा. शाळा बुडवू नगस." त्यांनी माझी पिशवी फाट्यापर्यंत आणली, खिडकीतून आत दिली आणि गाडी वळेपर्यंत कपाळावर हात धरून उन्हात उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी तिथे कितीतरी वेळा राहिले आहे. कधी सुट्टी काढून, कधी काहीच कारण नसताना. आक्का अंथरूण घालतात, पहाटे हाक मारून उठवतात, गावातली भांडणं सांगून हसवतात. पण 'राहा' असं तोंडाने त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. निघायच्या दिवशी पाचच्या एसटीची वेळ झाली की मी मात्र अजून पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात जरा वेळ उगाच उभी राहते.