मासे न खाणाऱ्या घरातली जाळी

आमच्या घरात कधी अंडेसुद्धा फुटले नाही, पण मिरगापासून पोळ्यापर्यंत घराला माशांचा वास येई. हळदीकुंकवाला आलेल्या बायका नाकाला पदर लावत. मी सांगत असे की वास जाळ्यांचा आहे, माशांचा नाही, आणि ज्यांना चालत नसेल त्यांनी भाद्रपदात यावे.

हिमायतनगरच्या मागे तेव्हा वस्ती संपत असे. आमच्या परसदारी बांध होता आणि बांधापलीकडे कुंटा. लहान तलावाला तेलुगूत कुंटा म्हणतात. आम्ही मराठी माणसेही तोच शब्द वापरत होतो, कारण तलाव म्हणावे एवढा तो मोठा नव्हता. वरच्या अंगाने एक नाला येऊन त्यात शिरे. नाल्याचे ते तोंड म्हणजे गुडघाभर पाण्याची, लव्हाळ्याने भरलेली दलदल. दिसायला ओंगळ, पण कुंट्याचा जीव तिथेच होता. मिरगानंतर नवे पाणी आले की मरळ मासे अंडी घालायला त्या लव्हाळ्यात शिरत. मरळ आपल्या पिलांना सोडून हलत नाही. त्या दिवसांत जाळे टाकले तर एका सकाळी दोन वर्षांचे मासे संपतील.

म्हणून नियम होता. मिरगाच्या दिवशी सगळे हैदराबाद मासे खाते, त्या दिवशी शेवटचे जाळे पडे. दुसऱ्या दिवसापासून कुंट्यावर जगणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी सोडायचे. बेस्तांनी, म्हणजे तेलुगू कोळ्यांनी, मासेमारी सोडायची. बागवानांनी तोंडावरचे लव्हाळे कापायचे नाही. गवळ्यांनी म्हशी बांधाच्या बाजूलाच उतरवायच्या. धोब्यांनी सोड्याची भट्टी चिंचेच्या झाडापासून वरच्या अंगाला लावायची नाही. ही माणसे एकमेकांवर प्रेम करत होती असे कोणी समजू नये. गवळी धोब्यांना शिव्या देत आणि धोबी बागवानांना. पण एकाने सोडले नाही तर दुसराही सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

बेस्तांची सात घरे होती आणि सात जाळी. बंदीत ती कुठे ठेवायची यावर दरसाल भांडण होई. ज्याच्या घरी ठेवावीत तो ती चोरून पाण्यात टाकतो, असा संशय. शेवटी ते माझ्या सासऱ्यांकडे आले. सासरे वकील होते. त्यांना वाटले, आपल्या सचोटीची कीर्ती झाली. विचारले तेव्हा कळले की कारण वेगळे आहे. तुम्ही मासे खात नाही, एवढेच ते म्हणाले. सासरे ही गोष्ट हसून सांगत, पण सांगताना थोडे खट्टू होत.

मागच्या सोप्यात त्यांनी सात खुंट्या ठोकल्या. ठरले ते असे: पोळ्याच्या सकाळी सातही घरांनी एकत्र यायचे आणि सातही जाळी एकदम न्यायची. मध्ये एकट्याला दोरासुद्धा मिळणार नाही. आमच्या घराने हिस्सा घ्यायचा नाही, नारळही नाही. जन्मभर लोकांचे कागद लिहिणाऱ्या माणसाने हा एक कागद मात्र कधी लिहिला नाही.

सासरे गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आले. यजमानांची नोकरी परभणीला, मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारा धाकटा दीर. जाळी सांभाळणे म्हणजे नुसती टांगणे नव्हे. उंदीर सुताला लागतात आणि मांजर वासाला. दर आठ दिवसांनी ती उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला बदलायचा. सासूबाई सोवळ्यातून त्या सोप्याकडे पाहतसुद्धा नसत. पण रझाकारांच्या दिवसांत शेजारची घरे सोलापूरकडे निघाली तेव्हा त्यांनीच विचारले, आपण गेलो तर ही जाळी कोणाच्या हवाली करायची? आम्ही राहिलो. त्या वर्षी पोळ्याला जाळी गेली आणि पुढच्या पंधरवड्यात फौजा आल्या.

पुढचे वर्ष निराळे होते. अमल बदलला. कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी कागद दिसू लागले. बंदीत लव्हाळे राखणारा बागवानांचा म्हातारा, ज्याला सगळे चाचा म्हणत, त्याने बांधावर येणे सोडले होते. आता त्याची काय गरज, असे एकदोघे बोललेही. बेस्तांची कारभारीण म्हणजे एक म्हातारी, तिला आम्ही पेद्दम्मा म्हणत असू. ती उठून त्याच्या दारात गेली आणि म्हणाली की लव्हाळे वाढले आहे, राखायचे कोणी? दुसऱ्या दिवशी चाचा आपल्या जागी बसला होता. मिरग झाला, आणि सातही जाळी आमच्याकडे आली.

दहा-बारा दिवसांनी एक गुत्तेदार दारात उभा राहिला. शहरात कोठी भागात त्याचा बर्फाचा धंदा होता. कुंट्यातल्या माशांचा लिलाव झाला होता आणि तो त्याने घेतला होता. जुने सगळे संपले, आता कायद्याचे राज्य आहे, असे त्याने मला समजावले. त्याला मासे पोळ्यानंतर नको होते, आत्ता हवे होते, कारण आत्ता ते एका जागी मिळणार होते. दुसऱ्या गावच्या कोळ्यांना त्याने विचारले होते. बंदीत परक्या पाण्यावर जाळे टाकायला कोणी तयार झाले नाही. तेव्हा हीच माणसे आणि हीच जाळी.

मी त्याचा कागद वाचला. दोनदा वाचला, कारण तो इंग्रजी होता आणि मला घाई नव्हती.

"यात कुंटा लिहिलाय," मी म्हणाले. "जाळी कुठं लिहिलीत?"

"बाई, मासे काढायचे तर जाळी लागणारच ना."

"लागतील. तुम्ही पाणी घेतलंत, जाळी घेतली नाहीत. ती पोळ्याला सुटतील."

तो म्हणाला की तो पोलिसांचा अमीन घेऊन येईल. मी म्हटले, जरूर आणा, पण शाळा सुटल्यावर आणा, सकाळी मी घरी नसते.

अमीन आला नाही. आले ते बेस्तांच्या सात घरांतले दोन तरुण भाऊ. गुत्तेदाराने त्यांना दुप्पट मजुरी कबूल केली होती. थोरला नम्रपणे बोलला. जाळे त्याने स्वतः विणले होते, बाभळीच्या सालीत स्वतः रंगवले होते, आणि आता ते त्याला हवे होते. ह्यात खोटे काहीच नव्हते. त्याची वस्तू माझ्या खुंटीवर होती आणि मी ती देत नव्हते. बाकीच्या सहा घरांना घेऊन ये, मी सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि भावाला घेऊन गेला. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही, पण एक जाळे गेले असते तर संध्याकाळपर्यंत सातही गेली असती.

मग गुत्तेदाराने डोके चालवले. दोनच दिवसांत धोब्यांपासून गवळ्यांपर्यंत सगळीकडे झाले की पंतुलम्माच्या घरात मासे खातात. पंतुलम्मा म्हणजे मास्तरीण, म्हणजे मी. मी नव्हे, माझा दीर खातो, आबिड्सच्या हॉटेलात, मित्रांबरोबर. आणि नियम काय होता? मासे न खाणाऱ्या घरी जाळी. घरच खाणारे निघाले तर नियम उरला कुठे? रविवारी सकाळी चिंचेखाली सगळ्यांनी बसायचे ठरले.

सासूबाईंनी अंघोळीआधीच मला फर्मावले की जाऊन सांग, हे धादांत खोटे आहे, माझ्या मुलावर आळ आहे. दीर विहिरीवर दात घासत होता. मी त्याला विचारले.

"भावजी, खाल्लेत?"

तो तांब्याकडे पाहत म्हणाला, "तीनदा."

"तळलेले?"

"हो. वहिनी, तू नाही म्हणून सांग ना. कोण बघायला येतंय?"

"चांगले होते का?"

त्याने जरा विचार केला. "चांगले होते," तो म्हणाला.

निदान एवढे तरी तो खरे बोलला. बांधाकडे जाताना मी हिशेब केला. नाही म्हटले तर कदाचित खपून जाईल. पण त्या हॉटेलात त्याला पाहणारा कोणीतरी होताच, आणि एकदा खोटे पकडले की खुंटीवरच्या जाळ्यांना कोणी विचारणार नाही. खरे सांगितले तर जाळी आजच जातील. दोन्हीकडे बुडणेच होते. मग निदान लाजेने मान खाली घालून बुडायचे नाही, एवढे मी ठरवले.

चिंचेखाली चाळीसएक माणसे होती. गुत्तेदार खुर्ची घेऊन आला होता, तो एकटाच खुर्चीवर. थोरल्या भावाने विचारले की पंतुलम्माच्या दिराने मासे खाल्ले हे खरे का.

"खरे," मी म्हणाले. "तीनदा."

बहुधा मी नाही म्हणेन, मग भांडण करता येईल, अशी सगळ्यांची तयारी होती. गुत्तेदार खुर्चीत मागे टेकला. थोरला भाऊ म्हणाला, मग झाले, आमची जाळी द्या.

पेद्दम्माने मला तेलुगूत विचारले की मासे कुठले होते. मी सांगितले, आबिड्सच्या हॉटेलातले. पुन्हा तिने विचारले की ते कधी. आषाढात, मी सांगितले, बंदी लागल्यावर. तिने नुसते चाचाकडे पाहिले.

चाचाने गालातले पान एका बाजूला सारले आणि थोरल्या भावाला आपल्या हैदराबादी बोलीत म्हणाला, "घर में सात जालां लटकरे. पिछवाड़े में कुंटा, कुंटे में मछली. फिर बी छोकरा पैसे देको आबिड्स में खाया. इससे बड़ी गवाही क्या होना?"

आधी एक गवळी हसला, मग सगळेच हसले. पेद्दम्मा हसली नाही. ती थोरल्या भावाला म्हणाली, "तुझ्या घरात जाळी असती आणि तुला मासा खावासा वाटला असता, तर तू आबिड्सला गेला असतास?"

तो खाली पाहू लागला. धाकटा भाऊ मात्र हसत होता. त्याला उत्तर ठाऊक असावे.

मला बोलावे लागलेच नाही. एरवी मी बोलले असते. गुत्तेदार म्हणाला की हा पोरखेळ आहे, तो वरपर्यंत जाईल. पेद्दम्माने सांगितले की पोळ्याला ये, तुझ्या कागदाप्रमाणे तुझे मासे तुला मिळतील, आणि जाताना खुर्ची ने. तो पोळ्याला आला. सातही घरे एकत्र आली, मी खुंट्या रिकाम्या केल्या, आणि त्याला त्याचे मासे मिळाले, एकेक हातभर लांबीचे. त्याने आभार मानले नाहीत. थोरला भाऊ माझ्याशी वर्षभर बोलला नाही, पण पुढच्या मिरगाला जाळे घेऊन आला. सासूबाईंनी दिराला महिनाभर वेगळ्या पंगतीला बसवले आणि मला मात्र दोन महिने बोल लावले, कारण खाणारा तो असला तरी सांगणारी मी होते.

त्या हिवाळ्यात आम्ही सहकारी संस्था काढली. पुढच्या लिलावात संस्थेनेच कुंटा घ्यावा म्हणून. सासऱ्यांनी न लिहिलेला कागद मी लिहिला. बेस्त, बागवान, गवळी, धोबी, प्रत्येकाने काय सोडायचे ते सगळे. नोंदणीच्या कचेरीतला कारकून पाचव्या नियमावर अडला. जाळी मासे न खाणाऱ्या माणसाकडेच राहतील, असा तो नियम होता. घर हा शब्द मी मुद्दाम काढला होता.

"हे खोडा, बाई," तो म्हणाला. "संस्थेच्या नियमांत खाण्यापिण्याचं काय काम?"

"तुम्ही मासे खाता का?"

"खातो की. आवडीनं खातो."

"मग तुमच्याकडे जाळी ठेवता येणार नाहीत. म्हणून नियम हवा."

त्याने साहेबांना विचारले. साहेब मराठवाड्यातले होते, शाकाहारी होते. नियम राहिला.

आता दीर मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या घरी दर रविवारी मासे होतात. सासूबाई तिथे जातात तेव्हा आपले भांडे घेऊन जातात. बेस्तांची दोन घरे गिरणीत लागली, म्हणून खुंट्या सात असल्या तरी जाळी पाच येतात. पेद्दम्मा गेली, चाचाही गेला. कुंट्याभोवती बंगले उठले आहेत आणि बंगलेवाल्यांना नाल्याचे तोंड आवडत नाही. डास होतात म्हणतात. मागच्या महिन्यात तिथे मोजणीचे दगड आले आणि पाठोपाठ नोटीस. त्यात नाल्याच्या तोंडाला निरुपयोगी दलदल म्हटले आहे, ती भरून प्लॉट पाडायचे आहेत.

मिरगाच्या दुसऱ्या दिवशी पाच जाळी आली. मी ती टांगली, पाला घातला, आणि मग नोटिशीला उत्तर लिहिले. संस्थेचा शिक्का मारला, सोबत नियमांची प्रत जोडली. उत्तर चारच ओळींचे आहे. तोंडावर आता मासे अंडी-पिलांवर बसतील. पोळ्यापर्यंत तिथे कोणी पाय ठेवायचा नाही, मोजणीदारांनीही नाही. पोळ्यानंतर या. मी घरीच असते, सकाळची शाळा सोडून.