आईचं इंग्रजी

दादाची मुलगी परदेशातच जन्मली, त्यामुळे तिला मराठी आलंच नाही. ती शाळेत जायला लागल्यावर दादा पहिल्यांदा सगळ्यांना घेऊन पुण्याला येणार होता. आई मला म्हणाली, "पोरीशी बोलाया चार शब्द तरी शिकीव मला."

आई वारज्यातल्या शेतकऱ्याघरची. शेतं गेली, इमारती आल्या, त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहतो. टाईम, टेन्शन, लाईट हे शब्द ती रोज वापरते, पण ते इंग्रजी आहेत हे तिच्या गावीही नसतं. संध्याकाळी ओट्यापाशी आमची शिकवणी चाले. कम म्हणजे ये. सिट म्हणजे बस. ईट म्हणजे खा.

"आन् 'खा गं माझे बाय' कसं म्हनायचं?"

त्याला इंग्रजी मला सुचेना.

मुलगी आली. एकदा जेवताना आई तिच्या ताटात गुळाची पोळी वाढत "ईट, ईट" म्हणत होती. तिनं ताट सरकवलं आणि बापाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. दादा हसला.

"काय म्हनली रं?"

"काही नाही गं. म्हणते, आजी सारखी ऑर्डर सोडते."

"ऑर्डर? हाटेलातली?"

"नाही, हुकूम."

आईचा हात तसाच राहिला. "हुकूम न्हाई केला म्या."

मी मुलीला इंग्रजीत समजावलं, आजी लाडानं म्हणतेय. ती "ओके" म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसली.

त्यानंतर आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. संत्र्याच्या फोडी सोलून वाटी तिच्याशेजारी ठेवायची आणि निघून जायची. वाटी कधी रिकामी व्हायची, कधी तशीच.

निघताना मुलगी आईला बिलगून म्हणाली, "आय विल मिस यू."

गाडी गेल्यावर आईनं विचारलं, "मिस म्हंजे चुकनं ना? बस मिस होती तसं?"

"आठवण येईल म्हणाली ती तुझी."

"बापानं शिकवलं असंल," आई म्हणाली आणि जिना चढू लागली.

दर रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल येतो. रिंग वाजली की आई उठते. "झोपलीया म्हन," एवढं सांगून आतल्या खोलीत जाते आणि पलंगावर ताठ बसून राहते. दार मात्र ती लावून घेत नाही.