दोघांच्या वजनाची गाडी

"माकचिक, ही गाडी चालवता की रांगवता?" आ कियातने विचारलं आणि स्वतःच खो खो हसला. कियात माझ्या गॅरेजचा अर्धा मालक, चाकं सरळ लावण्यात सगळ्या पोंतियान गावात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण जिभेला हाड नाही. खरं सांगायचं तर हसू मलाही आवरत नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, आमच्याकडे अशीला माकचिक, म्हणजे मावशी म्हणतात, डोईचा रुमाल हनुवटीखाली नीट पिन लावून घेतलेला, आणि ती उतरते आहे कशातून? तर जांभळ्या रंगाच्या, जमिनीला पोट टेकवलेल्या जुन्या जपानी गाडीतून. खाली मांजर शिरायचं म्हटलं तरी दोनदा विचार करेल इतकी खाली.

बाई हसली नाही. "मागची चाकं बघ," म्हणाली.

मी गुडघ्यावर बसून आत बॅटरी मारली आणि माझं हसू तिथंच आटलं. टायर बाहेरून कोरा करकरीत, आणि आतली कड खाऊन खाऊन तारा वर आलेल्या. दोन्ही बाजूंना तेच.

"कुठून आलात?"

"जेबी शहरातल्या इस्पितळातून. रोज जाते."

"या टायरांवर? मरायचंय का तुम्हाला?"

"मरायला फुरसत कुणाला आहे, बाबा," ती म्हणाली आणि दाराशी ठेवलेल्या स्टुलावर मटकन बसली.

तिचं नाव साओदा. बाजारामागच्या रस्त्यावर सकाळी नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकायची. माझ्या तोंडात तिचा भात कितीदा गेला असेल, पण तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता एक मुलगा अझरी. पोरगा मोटरसायकलवरून रोज पूल ओलांडून सिंगापूरला कामाला जायचा, आपल्याकडची निम्मी पोरं जातात तशीच. मिळेल तो पैसा या जांभळ्या गाडीत ओतायचा. गाडी फक्त रविवारी बाहेर काढायची, आणि फडक्याने पुसताना आईनेसुद्धा हात लावायचा नाही. पावसात पुलाच्या अलीकडे लॉरीने त्याला उडवलं. तेव्हापासून तो इस्पितळात आडवा, ना बोलणं ना चालणं, डोळे कधी उघडे तर कधी मिटलेले. आणि बस दोनदा बदलून भेटीच्या वेळेला पोचता येईना, म्हणून साओदाने गाडीची किल्ली घेतली.

"माकचिक, साधी गोष्ट आहे," मी म्हणालो. "गाडी खाली बसवली की मागच्या चाकांचा माथा आत झुकतो. टायर सगळा टेकत नाही, नुसत्या आतल्या कडेवर धावतो. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा टाकू, गाडी उंच करू, रोग मुळापासून जाईल. एका दुपारचं काम."

"उंच करायची नाही."

"अहो, पण..."

"उंच करायची नाही म्हटलं ना! टायर बदल फक्त."

डोक्यावर पडलीय का ही बाई, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. दोन बरे जुने टायर चढवले आणि सांगितलं की हेही असेच खाल्ले जाणार. तिने मान हलवली आणि गेली.

पुढचं सांगायला नकोच. पेकान नानासच्या पुढे, तेलताडाच्या फळांच्या लॉऱ्या धावतात त्या रस्त्यावर, टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली नाही हे अल्लाचे उपकार. कुणीतरी चाक बदलून दिलं, पण इस्पितळात पोचेपर्यंत भेटीची वेळ संपलेली. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. ती तशीच उलटी माझ्याकडे आली आणि गॅरेजच्या मधोमध, ऑइल सांडलेल्या फरशीवर बसून रडायला लागली. गिऱ्हाइकं बघत होती. कियातने पाणी आणून दिलं, तर तिने ग्लास बाजूला ढकलला.

"आज त्याने वाट बघितली असेल," ती म्हणत होती. "आज त्याला वाटलं असेल, आईपण आली नाही."

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते माहीत नाही. पण बोललो तिलाच. "मग करू द्या ना उंच! काय अडलंय? पोराची हौस जिवापेक्षा मोठी आहे का?"

तेव्हा तिने सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत ती त्याच्या उशाशी बसून उगाच काहीबाही बोलायची. भाताचं, शेजारणीच्या कोंबड्यांचं. एकदा वैतागून म्हणाली, "तुझी ही गाडी म्हणजे माझ्या जिवाला घोर, रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर घासते, उद्या मी ती उंच करून टाकते बघ." आणि अझरीने तिचं बोट धरलं. घट्ट. सोडवता सोडवेना.

"डॉक्टर म्हणतो, शिरा आपोआप आखडतात, त्यात काही अर्थ नसतो," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, तुला आई आहे का? माझा पोरगा एवढं एकच बोललाय, बोर्हान. नको म्हणालाय. मी ते कसं मोडू?"

 मी हात टेकले. कियातने फडक्याला हात पुसले आणि पुन्हा गाडीखाली वाकून बघितलं.

मग उपाय एकच उरला. गाडी खालीच ठेवायची आणि चाकाचा माथा बाहेर ढकलायचा. त्यासाठी चाकाला वरून धरणारा जो लोखंडी हात, म्हणजे आर्म, असतो, तो कमीजास्त लांब करता येणारा घालायचा. आणि चाकाचा रोख सरळ करणारा खालचाही, कारण कियातचं ठाम मत असं की टायर झुकण्याने जेवढा झिजतो त्याच्या दुप्पट वाकडं तोंड करून धावण्याने झिजतो. मी टेबलावर वरच्या आर्मचे दोन जोड मांडले. साओदाने डोळे पुसले आणि बाजारात मासे निवडावेत तशी एकेक हातात घेऊन बघू लागली.

पहिला लाल चकचकीत. "हा छान आहे," ती म्हणाली.

"दिसायला," मी म्हणालो. "जोड बघा, कसा थुंकून चिकटवल्यासारखा. तुमच्या रस्त्याला टिकायचा नाही. याच्या नादी लागू नका."

दुसरा शर्यतीवाल्यांचा. टोकांना रबर नाही, लोखंडाच्या गोट्या. कियात म्हणाला, "हा वाघ आहे. जरा इकडचा तिकडे हलणार नाही."

"चाक खड्ड्यात गेलं तर?"

"तर दणका थेट पाठीत. वाघ म्हटलं की पंजा आलाच, माकचिक."

तिने तो पटकन खाली ठेवला. "कमीत कमी हादरेल असा कोणता?"

"टोकांना रबरी बुश असलेला. काळा, दिसायला भिकार, पण मधल्या आट्या फिरवून गाडीला लावलेला असतानाच लांब-आखूड करता येतो. खालचाही त्याच्याच जोडीचा. माझ्याकडे आत्ता नाही, मलाक्क्याहून मागवावा लागेल."

"तोच मागव. नर्स म्हणाली, त्याच्या मानेला हादरा चालायचा नाही. घरी आणीन तेव्हा याच गाडीतून आणणार आहे मी."

घरी आणायचं कुणी म्हटलं होतं? कुणीच नाही. मी कियातकडे बघितलं, त्याने नजर फिरवली. आणि मी मलाक्क्याला फोन लावला.

आर्म आले, चढवले. आता आमच्याकडची एक रीत आहे, आणि ती मी कुणासाठी मोडत नाही. इतकी खाली बसवलेली गाडी रिकामी ठेवून चाकं लावायची नाहीत. माणूस बसला की गाडी आणखी बसते आणि सगळी मापं फिरतात. बुशचे बोल्टसुद्धा गाडी स्वतःच्या चाकांवर, वजनानिशी उभी असताना आवळायचे, जॅकवर लटकती असताना आवळले तर रबर पिळून फाटतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला.

"गाडीत रोज कोण बसतं?"

"मी."

"आणखी?"

तिने बाजूच्या सीटकडे बघितलं. "अझरी."

कियातने पाना खाली ठेवला. मी म्हणालो, "माकचिक, रोज म्हणजे..."

"आणायचाय ना त्याला? मग त्याच्यासह लाव. परत परत तुझ्या दारात यायला मला वेळ नाही."

"वजन किती असेल त्याचं?"

"पूर्वी मोठा दांडगा होता. आता चार पोती. दहा-दहा किलोची," ती म्हणाली. भातवालीच ती, तिचा हिशेब पोत्यांतच. शेजारच्या दुकानातून मी तांदळाची चार पोती आणून बाजूच्या सीटवर रचली. ती स्टिअरिंगमागे बसली. वळून पोती बघितली, आणि हात लांब करून त्यांना पट्टा लावला. चाकं सरळ लावायला पट्टा लागत नाही.  कियात गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पोती दुकानात परत करायची होती. ती म्हणाली, राहू दे, मी विकत घेते.

त्यानंतर गाडी अशी सरळ पळाली की विचारू नका. ती अधूनमधून यायची, मी बॅटरी मारून टायर बघायचो, झीज एकसारखी. आणि दरवेळी बाजूच्या सीटवर ती चार पोती, पट्टा लावलेली. एकदा मी म्हणालो, "माकचिक, काढा हो ती. थोडाफार फरक पडेल, पण इतकाही नाही. उगाच ओझं वाहताय."

"तूच दोघांची लावलीस ना? रिकामी नेली तर पुन्हा टायर खाईल." मग जरा हसली, मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. "जाताना तांदूळ, येताना अझरी. असं ठरवलंय मी."

येतानाही तांदूळच यायचा. ते मला आणि कियातला दोघांनाही दिसत होतं. पण आशा वाईट असते हो, तिला तोंडावर कोण सांगणार?

मग मध्ये ती बरेच दिवस आली नाही. बाजारातली तिची जागाही रिकामी. कियात म्हणाला, गेली असेल बहिणीकडे. आणि एका सकाळी जांभळी गाडी दारात उभी. मी आधी सीटकडे बघितलं. पोती नव्हती. पट्टा नुसता लोंबत होता. मी एकदम हरखलो, वाटलं, जिंकली बाई! मी ओरडलोच, "आणलंत ना घरी पोराला?"

"आणला," ती म्हणाली. "मशिदीच्या पांढऱ्या व्हॅनमधून."

जीभ झडावी असं वाटलं मला. कियातने "आय्या" म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटलो.

"रात्री सगळी गल्ली दुआला आली होती," ती सांगत होती, आवाज अगदी कोरडा. "इतक्या माणसांना जेवायला घालायचं तर घरात दुसरा तांदूळ नव्हता. तोच शिजवला. चांगला फुलला. सगळे म्हणाले, भात छान झालाय."

 मला सुचलं ते धंद्याचं. "माकचिक, आता गाडी उंच करून देऊ? फुकट करतो. तुम्हाला सोपं जाईल."

"तो नको म्हणालाय ना."

ती गाडीत जाऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, नजर समोर. कियातने पाना घेतला आणि खाली गेला. मी सवयीने पाटी घेऊन खिडकीशी उभा राहिलो, पण माझा तो प्रश्न या वेळी तोंडातून निघेना. तिनेच वाट बघून काच खाली केली.

"विचार ना," ती म्हणाली. "एकटीच बसते. एकटीची लाव."