तीन गाठींची करंडी

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याला नाही सांगितलं, पोरींना नाही सांगितलं. देवापुढे उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीबाही पुटपुटले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि आधीच बजावून ठेवते — मी काही गरीब गाय नव्हते. आजही नाही. या गोष्टीतल्या एका माणसाचं मी वाटोळं केलं, त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू? पण गोष्ट तेवढीच असती तर मी तोंड उघडलंच नसतं.

आमची शिरगावला पानवेलीची वाडी होती. केळी-पोफळींच्या सावलीत वेली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशाच. बाबा पानं खुडायचे, नासकी-डागाळलेली बाजूला काढायचे, जुड्या बांधायचे, पाण्यात बुडवून निथळत ठेवायचे आणि मग केळीचं पान अंथरून करंडीत एकावर एक रचायचे. वरून तोंड शिवायचं. शिवलेल्या करंडीला ज्याची त्याची खूण. आमची लाल चिंधी, तिला तीन गाठी. एकदा चिंधी बांधली की मुंबईच्या बाजारात दलालाच्या हातात पडेपर्यंत करंडी कुणी उघडायची नाही, हा रिवाज. तीन गाठी दिसल्या की लोक म्हणायचे, जनूची करंडी, बघायला नको. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या बापाची सही म्हणजे त्या तीन गाठी.

आमचा दलाल हरीशेठ. पंधराव्या वर्षी बाबा मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन गेले. करंडी पोचवायची आणि मग राणीची बाग दाखवायची, असं ठरलं होतं. मी नवं परकर-पोलकं घातलेलं. बाजारात पोचलो तर शेठ आधीच तापलेला — कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकानं आदल्या खेपेची पानं नासकी निघाली म्हणून परत पाठवली होती, आणि ती म्हणे आमच्या करंडीतली. सगळे दलाल, हमाल, गिऱ्हाइकं उभी होती. शेठनं आमची करंडी लाथेनं उलटी केली आणि ओरडला, "वर सोनं नि खाली शेण भरतोस होय रे जन्या?"

बाबा खाली वाकले. ओल्या रस्त्यावर बसून एकेक पान उचलायला लागले. मीही बसले. लोक हसत होते. एक हमाल तर आमच्या पानांवर पाय देऊन पलीकडे गेला. राणीची बाग राहिली. परतीच्या गाडीत वैतरणेची खाडी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "घरी बोलू नको गो."

त्या दिवसापासून तीन गाठींची करंडी त्या बाजारात कुणी घेईना. बाबा पालघरच्या आठवडे बाजारात टोपलीतून पानं विकायला लागले. आणि जो माणूस सकाळी तोंड धुतल्यावर आधी विडा लावायचा, त्यानं पान तोंडात घालणं सोडलं. स्वतःच्या वाडीचं पान! मी रोज बघत होते. रोज मनात म्हणत होते, शेठ, तुझं दुकान जळो.

तर — ते जळलं.

तोवर माझं लग्न झालं होतं. नवरा सांगलीकडचा, वेल्डर. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललेलं, त्यावर कामाला. आम्ही बोईसरला एका खोलीत राहायचो. शेजारी चहूकडून आलेली माणसं — कुणी साताऱ्याचा, कुणी बनारसचा. मुंबईत दंगल उसळली तेव्हा सगळे संध्याकाळी आमच्या दारात रेडिओला कान लावून बसायचे. कुणाचा भाऊ गिरणीत, कुणाची बहीण चाळीत. संचारबंदी, गोळीबार, बाजार पेटले. बनारसवाला डोक्याला हात लावून म्हणायचा, "भाभी, बंबई तो गई. अब नहीं उठेगी." माझा नवरा म्हणायचा, "आरं, शहर लई दांडगं असतंय. चार दिस पडून ऱ्हाईल, पाचव्या दिशी उठंल बघ."

आणि मी? मी चहा गाळत होते आणि मनात म्हणत होते, नको उठू दे. त्या बनारसवाल्याचा सख्खा भाऊ तिकडे अडकलेला, त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि मला एकच गोष्ट कळायला हवी होती — पानबाजार जळला का? जळला, असं कळलं तेव्हा त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. इतकी वाईट आहे मी. लिहून ठेवा हवं तर.

पण नवऱ्याचं खरं ठरलं. आठ-दहा दिवसांत संचारबंदी उठली, गाड्या सुरू झाल्या, आणि शहर लागलं की हो उठायला! लोक म्हणे जळक्या फळ्यांवर ताडपत्री टाकून धंदा करत होते. माझा तिळपापड झाला. इतकं जळूनही हे परत जसंच्या तसं होणार? आणि माझा बाप मात्र त्या एका लाथेतून उठला नाही तो नाहीच?

त्याच आठवड्यात मी माहेरी गेले तर बाबांनी एक निळं इनलँड पत्र पुढं केलं. तीन दिवसांपूर्वी आलेलं. शेजारचे शांतारामकाका वाचून दाखवतो म्हणाले, तर बाबांनी दिलं नाही. "माजी लेक वाचील," म्हणाले. बोईसरहून मी येईपर्यंत उशीखाली ठेवलेलं.

पत्र हरीशेठचं होतं. दुकान जळलं. जागा अजून ताब्यात आहे, पण येत्या सोमवारी दुकान मांडलं नाही तर बाजारवाले ती दुसऱ्या कुणाला देतील. नव्यानं दुकान मांडताना पहिली करंडी साऱ्या बाजारासमोर उघडायची, तिची पानं सगळ्यांना वाटायची, ही तिथली पद्धत. ती पहिली करंडी मला जनूची हवी. तीन गाठींची.

हे मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्रात आणखीही चार ओळी होत्या. त्यांचं सांगतेच. जरा थांबा — मला दम लागतो तिथं.

बाबांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! "तीन गाटींची म्हनाला? आसं लिवलंय? परत वाच." मी परत वाचलं. म्हातारा उठला, चपला काढून वाडीत शिरला, तो दुपारी बाहेर आला. एकेक पान उजेडात धरून बघितलेलं. माझ्यासमोर जुड्या बांधल्या, निथळत ठेवल्या, करंडी रचली. शेवटी एक पान उरलं ते पुसून तोंडात घातलं. नऊ वर्षांनी. मग म्हणाले, "तोंड शिवून चिंदी मी बांदीन हां. तवर दाडी करून येतो." पानं पाठवायची म्हणून दाढी! आणि नाक्यावर न्हाव्याकडे गेले.

मी एकटी राहिले. वाडीच्या कोपऱ्यात खताचा खड्डा होता, निवडून टाकलेली नासकी पानं त्यातच पडायची. मी करंडी पूर्ण रिकामी केली. खाली काळी पडलेली, बुळबुळीत झालेली पानं दाबून भरली, अर्ध्याच्या वरपर्यंत. त्यावर बाबांच्या हातच्या जुड्या, अगदी त्यांनी ठेवल्या होत्या तशाच रचल्या. उरलेली चांगली पानं खड्ड्यात टाकून वर माती ओढली. गंमत वाटत होती. शेठ म्हणाला होता ना, वर सोनं, खाली शेण? घे मेल्या. आता खरंच घे!

बाबा आले, गुळगुळीत दाढी करून. करंडी उचलून म्हणाले, "जड झाली गो." मी म्हटलं, ओली आहेत पानं. त्यांनी तोंड शिवलं आणि लाल चिंधीला तीन गाठी मारल्या. सोमवारी पहाटे शांतारामकाका आपल्या करंड्यांबरोबर ती घेऊन गेले.

संध्याकाळी काका परतले ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग सांगितलं. शेठनं जळक्या जागेवर फळी टाकली होती, हार घातला होता, सगळ्या बाजाराला बोलावलेलं. काकांना बघून पहिलं विचारलं, "जनू नाय आला?" दोनदा विचारलं, काकांच्या पाठीमागं बघितलं. मग करंडी सोडली. वरच्या जुड्या वाटल्या, लोकांनी वाहवा केली. मग हात खाली गेला — आणि वास सुटला. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आरे, हा तोच ना शिरगावचा? तवापन ह्यानं असंच केलेलं!" शेठनं करंडीवरची चिंधी काढली, खिशात घातली, आणि फळीवर तसाच बसून राहिला. पहिलीच करंडी नासकी निघालेल्या फळीकडे गिऱ्हाईक फिरकेना, आणि त्या आठवड्यात त्याच्या जागेवर दुसरा बसला. शेठ कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. बाजार महिन्याभरात पहिल्यासारखा भरायला लागला.

माझ्या मनासारखं झालं. अगदी तंतोतंत. मी बाबांकडे बघितलं.

ते आपल्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "माजाच हात चुकला आसंल. नजर गेली माजी. डाग दिसले नाय." काका म्हणाले, अरे गाडी वैतरणेला खोळंबली होती, उकाड्यानं झालं असेल. बाबा म्हणाले, "नाय. माजाच हात." आणि मी काय केलं? मी म्हटलं, होय बाबा, गाडीच खोळंबली असेल. एवढंच म्हटलं.

पुढं त्यांनी करंडी कधी रचली नाही. मी माहेरी गेले की म्हणायचे, "तू भर गो. माज्या हाताला आता कळत नाय." मी भरायची. ते बाजूला बसून बघायचे आणि चिंधी मलाच बांधायला लावायचे.

आता त्या चार ओळी.

शेठनं लिहिलं होतं — जनू, त्या वेळची नासकी पानं तुझी नव्हती. माझ्याच माणसानं आपली उरलेली पानं तुझ्या करंडीत सरकवली होती. महिन्याभरात मला ते कळलं, पण माझी अब्रू जाईल म्हणून मी गप्प बसलो. तू स्वतः करंडी घेऊन ये, ज्या लोकांसमोर तुझी करंडी लाथाडली त्यांच्याचसमोर तुझे पाय धरतो.

मी ते वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. लाथ भर बाजारात आणि माफी टपालानं? नऊ वर्षं माहीत असून गप्प बसलास, आणि दुकान जळल्यावर जनू आठवला? या माणसाला माझ्या बापाचे पाय धरू द्यायचे नाहीत, कारण माझा बाप त्याला लगेच उठवून छातीशी धरील — हे मला पक्कं माहीत होतं. त्याला माफी मिळणं मला नको होतं. म्हणून बाबांसमोर वाचताना माझे डोळे त्या ओळींवरून घसरले आणि मी थेट खालची सही वाचली. शेठला शेवटपर्यंत वाटलं असणार की ती करंडी म्हणजे जनूचं उत्तर.

इथवर तुम्ही म्हणाल, राग होता, पोर होती, बापाचा अपमान डोळ्यांनी बघितलेला. म्हणू नका. अजून संपलं नाही.

दोन वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. मी येऊन राहिले होते. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते, तर ते म्हणाले, "शेटचं ते पत्र हाय का गो? परत एकदा वाच. मला वाटतंय त्यानं आनखी कायतरी लिवलं आसंल. आसंच कोन करंडी मागत नाय."

पत्र माझ्याकडे होतं. पेटीत, साडीच्या घडीत. मी ते काढलं, त्यांच्या उशाशी बसले, उलगडलं. शेठ केव्हाच देशोधडीला लागला होता. राग धरायला कुणी उरलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. त्या चार ओळी वाचल्या असत्या तर म्हातारा नावावरचा डाग पुसून गेला असता. पण मग त्यांनी विचारलं असतं, हे तवा का नाय वाचलंस? आणि मग करंडीचंही विचारलं असतं.

मी वाचलं. दुकान जळलं, सोमवारी मांडायचं आहे, पहिली करंडी तीन गाठींची हवी, खाली सही.

"येवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि उरलेली पेज प्यायले.