डावखुऱ्याचा खांदा आणि माझा

त्या हिवाळ्यात घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना माझा उजवा खांदा धरला. मार्कहॅमच्या आमच्या घराजवळच एक फिजिओथेरपी क्लिनिक होतं. तिथली फिजिओथेरपिस्ट हॅमिल्टन शहरातली होती आणि माझ्यासारखीच बेसबॉलवेडी. सीझन सुरू व्हायला महिना होता. माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण मतं भरपूर होती.

"यंदा पिचिंगच आपल्या संघाला बुडवणार," मी म्हणालो. "चेंडू टाकणारे पहिले दोघं ठीक आहेत. तिसऱ्याचा चेंडू वळतच नाही. आणि तो डावखुरा खांद्याचं ऑपरेशन करून आलाय, त्याच्यावर कसला भरवसा?"

"खांदे बरे होतात," ती माझा हात वर ढकलत म्हणाली. "वेळ द्यावा लागतो. घरी व्यायाम करता ना?"

"त्याचा वेग कमी झालाय."

"मी तुमच्याबद्दल विचारतेय."

मी व्यायाम करत नव्हतो. संध्याकाळी सराव सामने बघायचे असत. बायकोला हे कळल्यावर तिने टीव्हीसमोरच मला भिंतीला हात लावून उभं केलं. अशा अवस्थेत मी त्या डावखुऱ्याला बघितलं. तो बरा टाकत होता, हे मी क्लिनिकमध्ये सांगितलं नाही.

उपचारांच्या शेवटच्या दिवशी हात पूर्ण वर गेला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आपला संघ दुसरा येईल. मी म्हणालो, चौथा.

सीझन संपला तेव्हा संघ चौथाच आला. हे सांगायला मी मुद्दाम क्लिनिकमध्ये गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, "काय दुखतंय?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फिजिओथेरपिस्टची वाट बघत बसून राहिलो.